तेरा तारखेचा प्रयोग

१

बुधवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझी भाची ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, माझी जागा गेली."

मी तेव्हा फलकावर नव्या जाहिराती लावत होते. या संशोधन संस्थेच्या ऑफिसात बावीस वर्षं मी हेच करते आहे. कुठे पीएचडीला विद्यार्थी हवेत, कुठे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी झालेले संशोधक, हवेत, ते छापून काढायचं, मुदतीची तारीख अधोरेखित करायची आणि टाचण्या मारायच्या. कुणाला समुद्रतळाचा चिखल तपासायला माणूस हवा असतो, कुणाला तारे मोजायला, कुणाला मधमाशीचा मेंदू बघायला. जागा एक आणि अर्ज दोनशे. आमच्या आईला अजून वाटतं की पोस्टडॉक म्हणजे पोस्टातला डॉक्टर, आणि पोस्टातली माणसं इतकी आजारी कशी पडतात असं ती मला अधूनमधून विचारते.

याच फलकावरची एक जाहिरात भाचीने हेरली होती. परदेशातली नावाजलेली लॅब, जंतूंवर औषधं का चालेनाशी होतात त्याचं काम, तीन वर्षांची जागा. अर्ज झाला, मुलाखत झाली, निवडही झाली. फक्त सरांचं, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांचं, शिफारसपत्र जायचं राहिलं होतं. ते मंगळवारी गेलं, आणि बुधवारी तिकडच्या लॅबप्रमुख बाईंची मेल आली.

तिने फोन माझ्यापुढे धरला. पत्र गोपनीय असतं, उमेदवाराला दाखवत नाहीत, पण आरोप गंभीर असल्यामुळे त्यातलं एक वाक्य कळवत आहे, असं बाईंनी लिहिलं होतं. वाक्य असं होतं: "मागच्या महिन्यातल्या तेरा तारखेच्या प्रयोगाचे आकडे तिने सोयीप्रमाणे बदलले असावेत, असा मला संशय आहे." शुक्रवारी आपल्या वेळेने संध्याकाळी पाचपर्यंत मार्गदर्शकांनी स्वतः खुलासा केला नाही, तर जागा यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला जाणार होती.

या क्षेत्रात माणूस हळू असला तरी चालतो, भांडखोर असला तरी चालतो, आकडे बदलणारा चालत नाही. ही एक ओळ तिच्या नावाला चिकटली असती, तर माझ्या फलकावरची एकही जाहिरात पुढे तिच्या उपयोगाची नव्हती.

"तू बदललेस का?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

तिने नोंदवही काढून टेबलावर ठेवली. मागच्या महिन्याचं पान उघडलं. "मावशी, तेराला मी प्रयोगच केला नाही. तेराला रविवार होता."

२

सर पहिल्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत बसतात. दीड वर्षात निवृत्त होणार आहेत. भाची इथे पीएचडीला आली तेव्हा मला 'मावशी' म्हणायची, तिचं ऐकून लॅबमधले सगळे म्हणू लागले, आणि शेवटी सरही. झाडूवाली आल्यासारखं वाटतं म्हणून मी पहिले सहा महिने तोंड वाकडं केलं होतं. नंतर सोडून दिलं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि कानावर हात ठेवले. मी पत्र लिहिलेलं नाही, मसुदासुद्धा अजून केला नाही, असं म्हणाले. मग की-बोर्ड उलटा करून खालची चिठ्ठी दाखवली. तिच्यावर त्यांच्या मेलचा पासवर्ड होता. लॅबचं सगळं सामान त्याच खात्यातून मागवतात, त्यामुळे तो पासवर्ड लॅबमधल्या प्रत्येकाला तोंडपाठ होता. खरं सांगायचं तर मलाही होता.

मी बाईंची मेल वाचून दाखवायला लागले तर त्यांनी हात वर केला. "वाचू नका. आकडे बदलल्याचा आरोप आहे ना, तेवढं पुरे. जे मी लिहिलं नाही ते मला ऐकायचंही नाही."

मग बाईंना दोन ओळी लिहून टाका, पत्र माझं नाही म्हणा, असं मी म्हटलं. त्यावर ते अडून बसले. कोणी केलं हे ठरण्याआधी आपण काही लिहिलं तर पांघरूण घातल्यासारखं दिसेल, आधी संस्थेच्या चौकशी समितीकडे तक्रार जाऊ दे, असं त्यांचं म्हणणं. समिती पुढच्या महिन्यात बसते. भाची भिंतीला टेकून उभी होती. मी तिथेच तक्रारीचा अर्ज लिहिला, सरांनी सवयीप्रमाणे कोपऱ्यात लाल अक्षरात 'पाहिले' ओढलं आणि कागद परत दिला.

मला राग आला की माझा आवाज खाली जातो. मी हळूच विचारलं, "शुक्रवारच्या आत मी माणूस शोधून दिला, तर लिहाल?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "शोधून दिलात तर मला लिहावंच लागेल," ते म्हणाले.

जिना उतरताना मी भाचीला बजावलं की त्या वाक्यातली तारीख कोणापुढेही उच्चारायची नाही. तेराला प्रयोग झालाच नव्हता, तर लिहिणाऱ्याच्या डोक्यात तेरा आले कुठून? माझ्या हातात धागा म्हणाल तर एवढाच होता.

३

पहिला संशय अर्थातच उंटावर. हा भाचीच्या शेजारच्या टेबलावर काम करणारा पीएचडीचा मुलगा. इतका उंच की दारातून येताना मान खाली घालतो, म्हणून हे नाव. यादीतला दुसरा उमेदवार तोच होता.

गुरुवारी सकाळी तो लॅबबाहेरच्या बाकावर मिळाला. चहाचा कप हातात होता आणि चहावर साय धरली होती. त्याला सगळं कळलं होतं. आईने आपल्या निवडीची बातमी आत्ताच साऱ्या नातेवाइकांत पसरवली आहे, दुसरा नंबर म्हणजे निवड नव्हे हे तिला समजावता समजावता नाकी नऊ आले, असं तो सांगत होता. मी मध्येच, सहज विचारल्यासारखं, मागच्या महिन्यातला भाचीचा तो मोठा प्रयोग कधीचा होता म्हणून विचारलं.

"चौदाचा ना? सोमवार होता. मी शेजारीच होतो," तो म्हणाला. "तिने दिवसभर जंतू पेरले, जेवलीसुद्धा नाही. मावशी, मला जागा हवी आहे, खोटं कशाला बोलू? पण लोक आयुष्यभर माझ्याकडे असं बघणार असतील तर नको."

चौदा. नोंदवहीतही चौदाच होते.

तिथून मी अंधाऱ्या खोलीत गेले. जंतू वाढवायच्या प्लेटांचे फोटो काढायचं यंत्र तिथे आहे आणि तिथे 'पर्मनंट' बसतात. हे आमचे पोस्टडॉक. सात वर्षं दरवर्षी एकेक वर्षाची मुदतवाढ घेत आहेत, म्हणून थट्टेने पडलेलं नाव. यंदाच्या मुदतवाढीचा कागद अजून सरांच्या सहीसाठी पडून होता. भाची गेली तर तिचं काम पुढे चालवायला माणूस हवा म्हणून यांची मुदत वाढली असती, न गेली तर कदाचित नाही. म्हणजे ती जावी असं वाटायला यांना कारण होतं, राहावी असं वाटायला नव्हतं. पण सात वर्षं टांगणीला लागलेल्या माणसाच्या मनात काय शिजत असेल कोणी सांगावं? दुसऱ्याचं भलं होताना बघवलं नाही, एवढंही पुरतं.

मी तोच प्रश्न टाकला. त्यांनी डोळे यंत्रावरून न काढता सांगितलं, "सोळाचा." मी चौदा म्हणून बघितलं, तर हसले. सोमवारी पेरलेले जंतू बुधवारी दिसायला लागतात, बुधवारी मी फोटो काढतो आणि ठिपके मोजतो, माझ्या लेखी प्रयोग बुधवारी होतो, असं म्हणाले. त्यांच्या संगणकावरच्या फोल्डरलाही सोळाच नाव होतं.

"आमच्याकडे असंच आहे, मावशी. ज्याच्या हातून जे होतं, त्याला ती तारीख. माझं आणि तिचं यावरून रोज भांडण."

मग त्यांनी फोटो उघडले. चपट्या गोल डब्या, तळाला जेलीसारखा थर, त्यावर पांढरे ठिपके. असे नितळ फोटो सात वर्षांत मिळाले नव्हते म्हणाले, आणि मोजलेले आकडे तिच्या वहीशी लावून दाखवले. एकही इकडचा तिकडे नव्हता. माझ्या जिवात जीव आला. पण माझी नजर डब्यांच्या कडेला गेली आणि तिथेच अडकली. प्रत्येक डबीच्या तळाला, लालभडक अक्षरात, एकच आकडा लिहिला होता.

तेरा.

४

हे कुठून आलं, असं विचारल्यावर पर्मनंट म्हणाले की ती प्लेट ओतल्याची तारीख. जेली गरम करून प्लेटमध्ये ओततात, ती निवली की दुसऱ्या दिवशी वापरायला घेतात. ओतणारा आपली तारीख तळाला टाकतो, बाकी कोणी तिच्याकडे बघतही नाही. म्हणजे एका प्रयोगाला तीन तारखा होत्या: ओतणाऱ्याची तेरा, पेरणाऱ्याची चौदा आणि मोजणाऱ्याची सोळा.

आणि प्लेटा ओततात काकू.

काकू तीस वर्षं तळमजल्यावरच्या खोलीत हेच काम करतात. भाचीचं आणि त्यांचं महिन्यातून दोनदा वाजायचं, कारण भाची प्लेटा जास्त मागते आणि उरलेल्या टाकून देते. 'तुझी भाची उधळी आहे' हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की पायऱ्या उतरताना माझी खात्रीच पटली. मनातल्या मनात मी त्यांना चार शब्द सुनावूनही टाकले होते.

काकूंनी माझं ऐकलं आणि पदर कमरेला खोचला. "बाई ग, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? मागच्या महिन्यात नऊ ते एकोणीस मी रजेवर होते. मुलीचं बाळंतपण होतं. रजेचा अर्ज तूच चढवलास, बाळ बघायला तूच आलीस."

मी जमिनीत गडप व्हायची तेवढी बाकी राहिले. खरंच चढवला होता. टोपडंही मीच नेलं होतं.

काकू मात्र सुटल्या होत्या. जाण्याआधी आठ तारखेला तीस प्लेटा करून ठेवल्या होत्या, त्या तुझ्या भाचीने चार दिवसांत संपवल्या असणार. परत आले तर जेलीच्या पावडरीचा नवा डबा अर्धा झालेला. आणि ज्याने कोणी ओतल्या त्याने जाड ओतल्या, जुन्या काळी ओतायचे तशा, हल्ली इतकी जाड कोणी ओतत नाही. मी मोबाइलवर आणलेला फोटो दाखवला, तर त्यांनी तो लांब धरून बघितला.

"हे माझं अक्षर नाही. मी काळ्या मार्करने लिहिते, ही मेणाची पेन्सिल आहे. काचेवर लिहायची. मार्कर आल्यापासून ती मी मागवलेलीसुद्धा नाही."

भाचीला फोन करून विचारलं, तर तिला वाटत होतं की त्या प्लेटा काकूंनीच करून ठेवल्या होत्या. सोमवारी सकाळी फ्रिज उघडला, साठ प्लेटा रचलेल्या दिसल्या, तिने देवाचे आभार मानले आणि कामाला लागली. तळाची तारीख तिने वाचलीही नव्हती.

म्हणजे रविवारी, बंद लॅबमध्ये, कोणीतरी येऊन साठ प्लेटा ओतल्या होत्या आणि कोणालाही सांगितलं नव्हतं. त्या प्रयोगाला 'तेराचा' म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस होतं.

५

शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत मी त्या माणसाचं नाव शोधत होते. भाचीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. ती माझ्या टेबलासमोर बसून दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होती, आणि ती बघते म्हणून मीही बघत होते. उंट दोनदा डोकावून गेला. पर्मनंटनी सगळे फोटो छापून आणून दिले. माझ्या मेल्या डोक्यात काही शिरत नव्हतं.

निदान समितीची फाइल तरी नीट लावावी म्हणून मी तक्रारीचा अर्ज काढला, आणि त्यावर प्लेटांचे फोटो ठेवले. अर्जाचा कोपरा फोटोखालून बाहेर आला होता. लाल 'पाहिले'. मी त्यावर बोट फिरवलं. जाड होतं, तुकतुकीत होतं, आणि बोटाला मेण लागलं.

बावीस वर्षं माझ्या फायली त्या लाल पेन्सिलीने रंगून परत येतात. मी ती कधी कशाची आहे म्हणून बघितली नव्हती.

मला आनंद झाला नाही. त्या माणसाकडे मी विश्वासाने पोर सोपवली होती. चार वर्षांपूर्वी मीच म्हटलं होतं, दुसऱ्या कोणाकडे जाऊ नकोस, सरांकडेच जा.

चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही दोघी वर गेलो. मी भाचीला दाराशी थांबवलं. आत जाऊन सरांना म्हटलं की समितीच्या फॉर्मवर प्रयोगाची तारीख लिहायची आहे, बाईंच्या मेलमधलं वाक्य तुम्हाला ऐकायचं नव्हतं म्हणून विचारते, मागच्या महिन्यातला तिचा तो मोठा प्रयोग कितीचा?

"तेराचा," सर म्हणाले. समोरच्या कागदावरून त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

मी नोंदवही, फोटो आणि अर्ज त्यांच्यापुढे मांडले. ती चौदा म्हणते, उंट चौदा म्हणतो, पर्मनंट सोळा म्हणतात, काकू गावाला होत्या. तेरा कोणी म्हणत नाही, सर. प्लेटा ओतणारा म्हणतो, आणि पत्र लिहिणारा म्हणतो.

सर म्हणाले, प्लेटा मी ओतल्या, म्हणून मी तेरा म्हणतो, त्यात गुन्हा काय झाला? गुन्हा काहीच नाही, मी म्हटलं. पण ज्याने ओतल्याचं कोणालाच माहीत नव्हतं, त्याची तारीख दुसरा कोण पत्रात घालील?

ते उठले, खिडकीशी गेले, परत आले. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

६

पत्र त्यांनीच लिहिलं होतं. कोणाच्याही पासवर्डचा त्यात संबंध नव्हता.

ते सांगत होते तेव्हा त्यांची नजर दाराकडे होती, कारण भाची आत आली होती. काकू रजेवर गेल्या, तिचं काम अडेल, म्हणून रविवारी आपण स्वतः येऊन प्लेटा ओतल्या. वीस वर्षांनी हातात जेलीची बाटली धरली होती. सोमवारी तिला सांगणार होते, तर ती कामात इतकी बुडालेली की राहून गेलं. बुधवारी ते आकडे आले आणि त्यांच्या लक्षात आलं की आयुष्यभर जे शोधलं ते आता सापडणार आहे, आणि ही मुलगी दोन महिन्यांत निघून जाणार आहे. पुढच्या दीड वर्षात लॅबला कुलूप लागेल. दुसरा कोणी एवढ्यात तयार होत नाही.

"मला फक्त एक वर्ष हवं होतं," ते म्हणाले. "तिकडचे लोक असं पत्र आलं की गुपचूप नकार देतात. कारण सांगत नाहीत. तू एक वर्ष थांबली असतीस, मग मी तुला याहून चांगली जागा मिळवून दिली असती. त्या बाई विचारतील असं वाटलं नव्हतं."

भाचीने विचारलं की पुढच्या जागेच्या लोकांनी आधी या बाईंनाच फोन करून माझ्याबद्दल विचारलं असतं तर? घड्याळात साडेचार झाले होते.

मग सरांनी घाईघाईने की-बोर्ड पुढे ओढला आणि टाइप केलं: ते पत्र माझे नाही, माझ्या खात्याचा कोणीतरी गैरवापर केला आहे. आमच्याकडे बघून म्हणाले, "हे पाठवतो. तुझी जागा राहील. कोणाचंच नुकसान नाही."

मी कबूल करते, मला ते पटलं. मी तर म्हणणार होते, पाठवा, लवकर पाठवा. माझं लेकरू सुटत होतं, मला बाकी काही दिसत नव्हतं.

भाची म्हणाली, "मग गैरवापर कोणी केला असं धरायचं, सर? पर्मनंटनी? त्यांचा मुदतवाढीचा कागद तुमच्या टेबलावर आहे." ती रडत होती, पण शब्द नीट येत होते. "माझे आकडे खरे आहेत. ते खोट्या पत्राने खरे ठरायला नकोत."

चार वाजून चाळीस मिनिटांनी सरांनी ती ओळ पुसली. नवीन लिहायला त्यांना सहा मिनिटं लागली, आणि त्या सहा मिनिटांत माझी नखं खाऊन संपली. पत्र माझेच आहे, त्यातला आरोप खोटा आहे हे लिहिताना मला माहीत होते, तिचे सर्व आकडे फोटोंशी ताडून पाहावेत. फोटो जोडले. प्रत जावी म्हणून संस्थेच्या संचालकांचा पत्ताही त्यांनी स्वतःच घातला. त्यानंतर पर्मनंटचा कागद शोधून त्यावर सही केली.

उत्तर यायला पाच वाजून गेले. मुदत टळली होती, आम्ही तिघं त्या खोलीतच होतो. मग फोन वाजला आणि भाचीने वाचून दाखवलं. सरांची मेल वेळेत मिळाली. जागा तिची आहे. फक्त सोमवारपर्यंत, तिचं काम जवळून पाहिलेल्या एखाद्या संशोधकाचं नवं शिफारसपत्र हवं आहे.

मी खुर्चीत बसले. सर उभे राहिले. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसत होता आणि त्यात पुन्हा जुनी उमेद आली होती.

"मी लिहितो," ते म्हणाले. "आत्ता बसून लिहितो. तू काय आहेस हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे?"

त्यात खोटं काही नव्हतं. चार वर्षं त्यांनी तिला हाताला धरून शिकवलं होतं, आणि त्यांनी जे लिहिलं असतं ते दुसऱ्या कोणाला जमलं नसतं, हे तिलाही ठाऊक होतं.

"नको, सर," ती म्हणाली.

आणि नोंदवही उचलून ती पर्मनंटकडे गेली.